सत्यवतीला कोणाच्या हवाली करावे

मी, केशरबाई, देवराव सिरसाट यांची विधवा, धर्म बौद्ध, वय पन्नाशीच्या पुढे, राहणार जठारपेठेच्या मागची वस्ती, अकोला, हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. शेजारच्या नळापर्यंत गेले तरी धाप लागते, म्हणून ही घाई. मला कोणी दम दिलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट जो तो म्हणतो, इतक्यात कशाला? त्यांना म्हणायला काय जाते.

मला सही येते. प्रौढांच्या वर्गात शिकले. पण एक ओळ लिहायची म्हणजे माझी अख्खी सकाळ जाते. म्हणून मी सांगते आणि माझी मुलगी सत्यवती लिहिते. शेजारचे भगवंतराव मास्तर म्हणाले की जिला मिळणार तिनेच लिहिले तर लोकांच्या डोळ्यावर येईल. त्यावर तोड अशी काढली की मी बोलेन ते सगळे तिने लिहायचे, तिला आवडो न आवडो, आणि ती मध्ये बोलली तर तेही लिहायचे. काही खोडायचे नाही. खाडाखोड दिसली की कचेरीतली माणसे कागद परत करतात, हे मी जन्मभर पाहिले आहे.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, पुढचा ओटा आणि वरचे टिन, हे सर्व माझ्या नावावर आहे. हे घर मी माझी एकुलती मुलगी सत्यवती हिला देते. टिन उन्हाळ्यात तापते, त्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकाव्या. मागच्या भिंतीला ओल येते ती शेजाऱ्यांच्या मोरीमुळे, आमच्यामुळे नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे, आता कागदावरही असू द्यावे.

कलम दुसरे, सायकल. ही यजमानांची. ती शेजारी सहदेवभाऊ वापरतो आणि हवा भरायचा पंप त्याच्याचकडे अडकला आहे. सायकल त्यालाच द्यायची होती, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे म्हणतात. तरी त्याने ती मी जिवंत असतानाच घेऊन जावी, म्हणजे कटकट नाही.

कलम तिसरे, पितळी परात. ती माझ्याकडे नाही. यजमान वारले तेव्हा जाऊबाई दुर्गाबाई मूर्तिजापूरहून आल्या आणि जाताना, माणसे फार, भांडी कमी, असे म्हणून परात घेऊन गेल्या. माणसे कधीच पांगली, परात अजून आलेली नाही. ती मी सत्यवतीला देते. आणायची कशी ते तिने पाहावे.

कलम चौथे, विमा. हे नीट समजून घ्यावे, कारण माझा सगळा घोर इथेच आहे. यजमान गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी रचत. एक दिवस थप्पी कोसळली आणि ते खाली सापडले. ओमप्रकाश मुकादमाने चौकशीत सांगितले की देवराव थप्पीच्या आडोशाला झोपला होता. घरी खाटेवर ज्याचा डोळा लागत नसे, तो माणूस गिरणीत झोपला म्हणे! विमावाल्यांनी मुकादमाचे ऐकले नाही, हे त्यांचे उपकार. मुकादमाने माझ्या मयतीला येऊ नये. आलाच तर त्याला चहा विचारू नये.

तर कामगार राज्य विम्यातून दोन वाटे मंजूर झाले. एक मला, मी आहे तोवर. दुसरा सत्यवतीला. लहानपणी ताप आला आणि तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली, म्हणून तिला तो वाटा, अपंगत्व आहे तोवर. विमा कचेरीतल्या साहेबांनी हे सहज वाचून दाखवले आणि पुढचा कागद घेतला. त्यांना काय, त्यांचे वाचून झाले. अपंगत्व आहे तोवर, हे शब्द मी मात्र घरी घेऊन आले आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. मी गेले की माझा वाटा बंद. मग पोरीला आधार त्या एका वाट्याचा, आणि तो दरसाल डॉक्टरांच्या तपासणीवर टांगलेला.

त्यात पट्ट्यांचे झाले. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून तिला पायांना बांधायचे लोखंडी पट्टे मिळाले, बुटासकट, फुकट. ते बांधून आणि काखेत कुबडी घेऊन ती दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या मुलीचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर पाहिला. मी रडले. आणि रडता रडताच मनात आले, हे विमावाल्यांनी पाहिले तर?

म्हणून मी एक रीत पाडली. तपासणीच्या दिवशी पट्टे ज्वारीच्या कणगीत ठेवायचे. टांगा दाराशी आणायचा, आणि दवाखान्यापाशी उतरलो की सत्यवतीला पाठीवर घेऊन आत न्यायचे, थेट डॉक्टरांच्या टेबलापर्यंत. तिने पाय लोंबते सोडायचे. एरवीही ओट्यावर अनोळखी माणूस दिसला की तिने चालणे थांबवायचे. तिचे हाताने फिरवायचे शिवणयंत्र आहे, तिच्या पोलक्यांना वस्तीत मागणी आहे, पण दार कोणी वाजवले की मी आधी यंत्रावर गोधडी टाकते आणि मग कडी काढते. आमच्या घरी येणाऱ्याला वाटत असेल की ही बाई गोधडीला फार जपते.

कलम पाचवे. वरील कारणांमुळे मी माझी मुलगी सत्यवती हिला माझ्या पश्चात माझे दीर बुधाजी सिरसाट, राहणार मूर्तिजापूर, यांच्या हवाली करते. बुधाजी भाऊजी मोजके बोलतात. मनात काय आहे ते कळत नाही, आणि न कळणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. शिवाय सत्यवतीचा वाटा मंजूर झाल्याचे कळल्यापासून त्यांच्या दुर्गाबाईंना पुतणीची फार आठवण येऊ लागली, हेही मी विसरलेले नाही. पण मला दुसरे कोण आहे? भाऊजींनी तिला सांभाळावे, आणि दरसाल तपासणीला नेताना पट्टे काढून, पाठीवर घेऊन

इथे लेखणी थांबली. मी म्हटले, "लिही."

सत्यवती म्हणाली, "नाई लिवत."

"ठरलं काय होतं आपलं? मी सांगीन ते लिवायचं."

"तेच लिवून राहिली न सकाळपासून. घर मले लिवून देल्लं, आन् मले काकाले लिवून देल्लं. मंग घर कोणाचं झालं, माय?"

मास्तर आणि सहदेवभाऊ ओट्यावर बसले होते, त्यांनी मान वळवली. मी म्हटले की घर म्हणजे भिंती आणि तू म्हणजे जीव, जिवाला कोणी राखणारे लागते. तपासणीच्या दिवशी तुला पाठीवर कोण नेईल?

तेव्हा तिने लेखणी खाली ठेवली. पुढचे तिने नंतर आठवून लिहिले आहे, आणि ते बरोबर आहे.

ती म्हणाली, "गेल्या साली तू दवाखान्यात भरती व्हती, तवा तपासणी झाली न? तवा मी पाठीवर नाई गेली. चालत गेलती."

"कशी चालत?"

"पट्टे बांधून. कुबडी घेऊन. साऱ्या जठारपेठेतून."

माझ्या छातीत असे काही झाले की सहदेवभाऊ पाणी आणायला धावला. त्या साली मी बुधाजी भाऊजींना मूर्तिजापूरहून बोलावून घेतले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना चार वेळा बजावले होते, पट्टे कणगीत, पोर पाठीवर. ते फक्त "हो वहिनी" म्हणाले होते. आजही ते इथेच होते, आतल्या खोलीत, या कागदासाठीच आलेले. मी त्यांना हाक मारली आणि विचारले, हे खरे का?

भाऊजी दारात उभे राहिले. म्हणाले, "मी तं पाठ वाकवली व्हती, वहिनी. पोरगी म्हणे, उठा काका, तुमची कंबर दुखते. मंग मी छत्री धरली तिच्यावर. ऊन लय व्हतं."

"आन् डॉक्टर?"

"डॉक्टरनं पट्टे सोडाले लावले. पाय पाह्यले. सत्यवतीनं इचारलं त्याले, आता पैसे बंद होतीन का म्हणून."

"असं तोंडावर?"

"तोंडावर. मले घाम फुटला. तं तो म्हणे, पट्टे सरकारनं देल्ले ते चालाच्यासाठीच देल्ले न बाई. पाय हायेत तसेच हायेत. आन् दरसाली लिवते तेच लिवलं."

वाटा त्यानंतरही आला, दर महिन्याला, हे खरे आहे. मी त्या दोघांना म्हटले, मग मला का नाही सांगितले? सत्यवती म्हणाली, "तुले धाप लागते." भाऊजींनी सहदेवभाऊने आणलेले पाणी माझ्यापुढे केले. एवढे सगळे पोटात ठेवून हा माणूस वर्षभर माझ्या घरी येत जात राहिला. मी त्यांच्याविषयी वर जे सांगितले आहे ते खोडता येत नाही, कारण न खोडण्याचे ठरले आहे. पण ते वाचताना कोणी पुढचेही वाचावे.

मी हट्ट सोडला नाही. म्हटले, तो डॉक्टर भला होता. उद्या त्याची बदली होईल. दुसरा येईल, तो म्हणेल, चालते तर अपंग कशी? मग काय करशील?

"त्याले पाय दाखवीन. नाई पटलं तं त्याच्या वरच्याले दाखवीन. कणगीत नाई लपवत आता."

कलम सहावे. म्हणून कलम पाचवे मी मागे घेते. सत्यवती सज्ञान आहे आणि मी तिला कोणाच्याही हवाली करत नाही. घर तिचे, यंत्र तिचे, विम्याचा वाटा तिचा, तपासणीला कसे जायचे ते ठरवणे तिचे. बुधाजी भाऊजींनी तिच्या घरी यावे, ती बोलावेल तेव्हा. येताना परात आणावी.

हे सांगितले तरी माझी भीती गेलेली नाही. ती पट्टे बांधून रस्त्याने निघाली की लोखंडाचा आवाज होतो, आणि तो आवाज ऐकला की अजूनही मला वाटते, धावत जाऊन तिला उचलून आत आणावे. आता तेवढे बळ माझ्यात नाही. असते तर कदाचित आणलेही असते.

कलम सातवे. माझ्यामागे तेरवी करू नये. त्रिशरण पंचशील घ्यावे, पुण्यानुमोदनाला साधे जेवण करावे, भाजी तिखट असावी. यंत्रावरची गोधडी माझ्यावर घालू नये. ती धुऊन सत्यवतीने अंगावर घ्यावी.

हा कागद काल घरी लिहून झाला. सही मात्र मला नोंदणी कचेरीतच करायची होती, सरकारी शिक्क्यासमोर, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणणार नाही. टांगा सांगितला होता तो आला नाही. आम्ही चालत निघालो. सत्यवतीने पट्टे बांधले होते. पेठेत लोक बघत होते. मी खाली पाहत होते, ती समोर. कोपऱ्यावरच्या दुकानाशी मला धाप लागली. भाऊजी पुढे आले आणि माझ्यापुढे पाठ वाकवून उभे राहिले. मी म्हटले, उठा भाऊजी, तुमची कंबर दुखते. मग सत्यवतीने कुबडी दुसऱ्या काखेत घेतली आणि मोकळा खांदा माझ्याकडे केला. तो धरून मी कचेरीपर्यंत आले. माझ्या मुलीला एवढा मजबूत खांदा आहे हे मला माहीत नव्हते.

एवढे इथल्या बाकावर बसून तिच्याकडून लिहून घेतले. आता आमचे नाव पुकारले आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि मी आपल्या हाताने सही करते.

केशरबाई देवराव सिरसाट

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्षी:
१. सहदेव पुंजाराम तायडे, राहणार अकोला (सायकल कालच नेली)
२. भगवंत रामराव देशमुख, निवृत्त शिक्षक, राहणार अकोला

मजकूर लिहिणार: सत्यवती देवराव सिरसाट, कचेरीत स्वतः चालत हजर

अकोला, ता. १४ डिसेंबर १९६७