गाडी चालू करू नकोस

४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारी धावत येतात, म्हणून हे पत्र. काळजी नको, मी ठणठणीत आहे. आजारी आहे ती गाडी. तुम्ही गॅरेज बंद केलंत तेव्हा मला दिलेली मोटरसायकल सकाळी गार असताना चालू केली की खडखडते. तापली की गप्प बसते, जशी काही आपण त्या गावच्याच नाही!

चौकातला मेकॅनिक म्हणतो, अख्खं इंजिन उघडू, तीन आठवडे लागतील. मामा, माझे अकरा पेशंट घरी पडून आहेत. निवृत्त मास्तरांच्या पायाची पट्टी रोज बदलावी लागते, आणि त्यांच्या वस्तीकडे दिवसाला एकच बस जाते. वाहन नसेल तर मला दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर फाडायला बसवू, असं आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय. मी खिडकीवर बसले तर आठ दिवसांत भांडण करून घरी येईन, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मामी म्हणते, तुम्ही इंजिनाचं नाव काढू देत नाही. तरी विचारते. काय असेल हो?

मामीला नमस्कार. लोभ आहेच, त्यात अधूनमधून तेल घालत जावं.

तुमची,
भिंगरी

९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीने सांगितलं ते खरं आहे. मी तो धंदा सोडला, आणि का सोडला हे तुला माहीत आहे. मीटर वाचणारा तो भला माणूस गाडी घेऊन आला होता. आवाज येतो म्हणाला. मी कान लावला, काही ऐकू आलं नाही, म्हणून बिनधास्त जा म्हणालो. माझे कान गेलेत हे कबूल करायची लाज वाटली, दुसरं काही नाही. उतारावर त्याचं इंजिन जाम झालं. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच जास्त लागतं. तेव्हा ज्याला ऐकू येतं त्यालाच विचार.

आता पत्र लिहितोच आहे म्हणून दोन गोष्टी. लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक इंजिनाला टेकव, मूठ कानाला लाव. आवाज वरून येतो, मधून की खालून? रेस वाढवली की वाढतो की विरतो? नीट शब्दांत लिही. “कसातरीच” असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

मामी उद्या तिच्या बहिणीकडे चालली आहे. आठ दिवस मी आणि माझी आमटी. सांभाळून राहा.

तुझा,
मामा

१३ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग स्क्रूड्रायव्हर शोधला. तर ऐका. आवाज बाजूने येतो, सिलिंडरच्या उंचीभर. ठोका नाही, किणकिण नाही. पत्र्याच्या डब्यात साखळी टाकून डबा हलवावा तसं खळखळतं. रेस हळूच वाढवली की विरतं, सोडली की पुन्हा सुरू. कसातरीच असं कुठे लिहिलंय दाखवा!

आणखी एक, रागावू नका. उघडून बघायची खोड तुमचीच. सिलिंडरच्या मागे एक चिमुकला भाग दोन बोल्टांवर बसलाय ना, ते बोल्ट मी सैल केले, फटीतून डोकावले आणि पुन्हा घट्ट आवळले. काही सांडलं नाही, काही पडलं नाही. त्यानंतर गाडी चालू केलेली नाही. सोबतच्या सिस्टरची स्कूटर शनिवारपर्यंत माझ्याकडे आहे. सोमवारी सकाळी आपलीच गाडी काढून मास्तरांकडे जाईन.

आमटीत मीठ घातलंत का? लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
भिंगरी

१६ जानेवारी, शनिवार

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

अगं बये, गाडी चालू करू नकोस! हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही, म्हणून आत्ताच कोपऱ्यावरच्या दुकानातून तुझ्या दवाखान्यात फोन केला आणि ओरडलो. पलीकडे तू होतीस, दुसरं कुणी होतं की चुकीचा नंबर लागला होता, देव जाणे. मला काही ऐकू आलं नाही. दुकानदाराच्या हातात फोन द्यावा हे घरी आल्यावर सुचलं. परत गेलो तर दुकान बंद. उद्या रविवार, तुझा दवाखानाही बंद.

तो चिमुकला भाग म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर. चेन जुनी होऊन सैल पडते, तेव्हा त्यातली दांडी स्प्रिंगने पुढे सरकून तिला दाबून धरते. दांडीला दाते असतात, ती पुढे जाते पण मागे येत नाही. तुझ्या वर्णनावरून तो टेन्शनरच थकलाय. पण तू बोल्ट सैल केलेस तेव्हा दांडी आणखी पुढे आली असणार, आणि आवळल्यावर चेन नको इतकी ताणली असणार. अशी गाडी चालवलीस तर टेन्शनर फुटेल, चेन दाते सोडेल, आणि वाटेत इंजिन जाम होईल. पुढचं मला लिहायला लावू नकोस.

आता नीट वाच. इंजिन गार हवं. प्लग काढ, इंजिन हाताने फिरव आणि पिस्टन वर आल्याची खूण जुळव. मग टेन्शनर काढ. तो बाहेर असताना इंजिन तसूभरही फिरवायचं नाही. नवा आण. त्याची दांडी पूर्ण आत दाबून अडकव, मग बसव, दोन्ही बोल्ट आवळ, आणि त्यानंतरच दांडी सोड. किती पुढे जायचं ते तिचं तिला कळतं. किक मारण्याआधी हाताने दोन पूर्ण फेरे दे. कुठे अडलं तर जोर करू नकोस, थांब.

पत्र मिळाल्याचं लगेच कळव.

मामा

२३ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मिळालं, मामा, सगळं मिळालं! शनिवारी फोन आमच्या कारकुनाने उचलला आणि कानापासून हातभर लांब धरला. ड्रेसिंगच्या खोलीत मला तुमचा आवाज ओळखू आला. मी धावत येऊन पाच वेळा हो म्हटलं, आणि तुम्ही मात्र मला ऐकू आलं का असं विचारतच राहिलात. तेव्हा लक्षात आलं की माझं हो तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. फोन ठेवला आणि रडले. रांगेतले पेशंट आता मी दिसले की गाडी चालू करू नका म्हणतात.

गाडीला हात लावला नाही. दोन दिवस मास्तरांकडे बसने गेले, येताना चालत आले. बुधवारी पत्र आलं तेव्हा ते घेऊन चौकातल्या मेकॅनिककडे गेले आणि त्याच्या देखत, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, सगळं माझ्या हाताने केलं. जुन्या दांडीचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. तीन आठवड्यांचं काम जेवायच्या सुट्टीत आटपलं! गुरुवारी सकाळी गार इंजिनाला किक मारली. आवाज शब्दांत लिहायचा तर, शिलाईचं मशीन शेजारच्या खोलीत चालावं तसा. मास्तरांची जखम भरत आलीय.

मेकॅनिकने तुमचं पत्र वहीत उतरवून घेतलं. म्हणाला, त्याचे कान चांगले आहेत, पण ऐकलेल्याचा अर्थ सांगणारं कुणी नाही. तुम्हाला पत्र लिहिलं तर चालेल का, असं भीत भीत विचारत होता. मी तुम्हाला न विचारताच पत्ता दिलाय.

मामा, तुमचे उपकार मानले तर तुम्ही रागावाल. तरी मानते.

तुमची,
भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि मग मी पुन्हा स्वतः वाचलं, कारण तिचा अर्धा आवाज मला पोचत नाही. मेकॅनिकचंही पत्र आलं. सात प्रश्न आहेत. सहांची उत्तरं लिहिली. सातव्याला मला माहीत नाही असं लिहिलं. हे वाक्य लिहायला आयुष्यभर जमलं नव्हतं, परवा जमलं. ते पत्र टाकून तसाच मीटरवाल्याकडे गेलो आणि त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे त्याला सांगून टाकलं. त्याने चहा केला.

उपकार कसले मानतेस, पोरी? ऐकू येत नाही याची मला सवय झाली होती. माझं आता कुणी ऐकणार नाही, ही भीती होती. तुला कारण माहीत नव्हतं, तरी एका बहिऱ्याच्या ओरडण्यावर तू गाडी जागेवर ठेवलीस आणि पायी चाललीस. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मामा