चढावर बंद पडणारा ट्रक

काका, तुमचा ट्रक आता चढावर बंद पडत नाही. गेल्या रविवारी मी तो सायलीहून खानवेलपर्यंत नेला आणि मधे कुठेही न थांबता परत आणला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच जमलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही तो भंगारातून आणला होता, तेव्हा मी नाशिकहून डिप्लोमा करून सायलीच्या धाग्याच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि तुम्ही आमचे मेंटेनन्सचे फोरमन होता. दीड वर्ष खपून तुम्ही त्या लहानशा जुन्या ट्रकला सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बसवलं, बॉनेट काढून टाकलं, चासी खाली घेतली आणि लाल रंग मारला. मुंबईहून आलेल्या एका इंजिनिअरनं त्याला हॉट रॉड म्हटलं. तुम्ही त्याचा अर्थ विचारून घेतलात, जुन्या गाडीला दांडगं इंजिन बसवून केलेली वेगाची गाडी, आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या फळीवर आपल्या हातानं मोठ्या अक्षरांत 'हाट राड' लिहून टाकलंत. अख्खा कारखाना हसला. तुम्ही मात्र त्या फळीकडे मन लावून बघत होता.

तुमचं रागावणंही आठवतं. कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता आणि मी तीन दिवसांत त्याचे तीन भाग बदलले होते. तुम्ही ते तिन्ही भाग मला परत काढायला लावले, जुने बसवायला लावले आणि मला एका उलट्या ड्रमवर बसवलंत. पूर्ण शिफ्ट नुसतं बघत बसायचं. सगळे येताजाता माझ्याकडे बघतात, मी मान खाली घालून बसलो आहे आणि कॉम्प्रेसर मजेत चालतो आहे. दुपारी शेजारचं मोठं मशीन सुरू झालं तशी जमीन थरथरली आणि कॉम्प्रेसर बंद पडला. एक वायर तेवढी ढिली होती. तुम्ही आलात, वायर बघितलीत आणि खानदेशी बोलीत एवढंच म्हणालात, "पहिले देख, मंग पाना उचल." मी आज खडोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो आणि नवीन लोकांना हेच सांगतो, फक्त माझ्या भाषेत.

ट्रक मधूनमधून बंद पडायचा हे तुम्हाला माहीत होतं. सपाट रस्त्यावर काही नाही, पण इंजिन तापलं आणि चढ लागला की दम सोडायचा. पंधरा-वीस मिनिटं उभा केला की जणू काही झालंच नाही असा पुन्हा सुरू. एका शनिवारी मी त्याचा कार्ब्युरेटर खोलून साफ केला आणि सेट करून बसवला. तुम्ही स्टुलावर बसून चहा पीत होता. तपासायला उठलासुद्धा नाहीत. "तू केलं म्हंजे झालं," म्हणालात. तुमच्या तोंडून ऐकलेली ती एकच शाबासकी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काकूंना घेऊन खानवेलच्या पुढे ओळखीच्या घरी गेलात. परत येताना छातीत दुखू लागलं. काकूंना पित्त झालं असं सांगून तुम्ही ट्रक सिल्वासाकडे दामटलात. तो चढावर बंद पडला. थोड्या वेळानं सुरू झाला, पुढच्या चढावर पुन्हा बंद. शेवटी सिल्वासाच्या बसमधल्या लोकांनी तुम्हाला उचलून आत घेतलं. दवाखान्यात डॉक्टर काकूंना म्हणाले की थोडं लवकर आला असता तर प्रयत्न करता आले असते. काकूंनी हे मला तेराव्याला सांगितलं, सहज, सगळ्यांना सांगत होत्या तसंच. मी मान हलवली. त्या ट्रकला शेवटचा हात माझा लागला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं काकू म्हणाल्या, तो दारात दिसला की घास उतरत नाही, घेऊन जा. मी नेला. मग कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पेट्रोल पंप बदलला, फिल्टर बदलले, कार्ब्युरेटर तर किती वेळा खोलला ते आठवत नाही. म्हणजे तुम्ही ज्यासाठी मला ड्रमवर बसवलं होतं तेच मी करत राहिलो. टाकीपासून पंपापर्यंतचं खालचं काम तुमच्या हातचं होतं, म्हणून तिकडे मी कधी बघितलंच नाही. चूक माझी असणार हे मी धरून चाललो होतो, आणि चूक माझी म्हणजे ती कार्ब्युरेटरमध्येच असणार.

या उन्हाळ्यात एकदाचा शहाणा झालो. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावला आणि ट्रक चढावर नेला. बॉनेट नसल्यामुळे उतरलो की सगळं समोरच दिसतं. इंजिन अडखळलं, मी उतरलो, नळीत पेट्रोल नव्हतं, नुसते बुडबुडे. म्हणजे पेट्रोल मागेच कुठेतरी अडत होतं. चासीच्या वरच्या बाजूनं, सायलेन्सरच्या पाइपाला खेटून एक रबरी पाइप गेला होता. बाहेरून अगदी चांगला. हात लावला तर पोळला, आणि दाबला तर पिकल्या केळ्यासारखा मऊ. थंड झाल्यावर काढून ब्लेडनं उभा चिरला. आतला थर पेट्रोलनं फुगला होता, जेमतेम काडी जाईल एवढी वाट उरली होती. गरम झाला आणि पंपानं जोरात ओढलं की तीही मिटत असणार. तो पेट्रोलचा पाइप नव्हताच. आपल्या कारखान्यातला पाण्याचा पाइप होता, दोन दिवसांपुरता म्हणून कुणीतरी बसवलेला असणार. टोकांना बांधलेल्या तारेचे पीळ उलटे होते. सगळ्या कारखान्यात डावखुरे तुम्ही एकटेच.

काल काकूंकडे गेलो. त्या कळण्याची भाकरी थापत होत्या. मी सांगितलं की ट्रक सुधारला, एक पाइप खराब होता. त्यांनी तव्यावर भाकरी टाकली, तिला पाणी लावलं आणि मग विचारलं, "कोणी बसवेल होता तो?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "ट्रकबरोबर भंगारातूनच आला असेल."

मग त्यांनी भाकरी उलटली आणि ठेचा लागेल का विचारलं. त्यांना पटलं की नाही ते मला कळलं नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि निघालो.

काकू कधी घरी आल्या तर ही पानं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून घरी नेणार नाही, इथे कारखान्यातच ठेवीन. तुम्हाला मात्र एक खरं सांगायला हवं. तो पाइप चिरला, पीळ ओळखला, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून मला आधी बरं वाटलं, काका. वाईट वाटलं ते नंतर, घरी पोचल्यावर.