बोट तुमचंच टोचा

अहो,
पाया पडते, आणि आधीच सांगते, भयंकर चिडलेय.

माझं इथे बरं चाललंय. लाँड्रीत इस्त्रीचं काम आहे, जेवण पोटभर मिळतं. तुमचं काय चाललंय?

काल सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बोटं दुखतात गं. तो सुईला घाबरतो, म्हणून रक्त किती पातळ ते सांगणाऱ्या मशीनला मीच बोट देते. मायलेकांचं रक्त एकच ना!" मी कपाळावर हात मारला. जन्मभर लोखंड कापलंत, आणि एवढ्याशा सुईला भिता?

अहो, व्हॉल्व्ह तुमच्या छातीत बसवलाय. रक्त पातळ व्हायची गोळी तुम्ही खाता, त्या नाही. तुम्ही त्यांच्या घट्ट रक्ताचा आकडा कळवलात, म्हणून गोळी कमी पडतेय असं वाटून डॉक्टरांनी तुमची गोळी वाढवली. आता दात घासताना रक्त येतं म्हणे. ते दातांचं दुखणं नाही हो, रक्त फार पातळ झालंय!

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र आजच घरी निघालेल्या आपल्या गल्लीतल्या ड्रायव्हरभाऊंच्या हाती देतेय. त्यांच्यासमोर स्वतःचं बोट टोचा आणि डॉक्टरांना आत्ताच खरं सांगा. तोवर ते दारातून हलणार नाहीत.

सासूबाईंची बोटं बरी आहेत ना?

हात जोडते. भांडायला तरी मला माणूस ठेवा.

तुमचीच,
तोंडाळ