तुमच्या लेथला कॉम्प्युटर बसवला

मिस्त्री, तुमच्या लेथला मी कॉम्प्युटर बसवला. आता एकोणऐंशी साल चाललंय, तुम्ही जाऊन जमाना झाला, त्यामुळं कॉम्प्युटर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं, आणि तिथंच माझी पंचाईत आहे. मलाही ते धड कळलेलं नाही. एक लोखंडी कपाट आहे. भोकं पाडलेली कागदाची पट्टी त्यात सरकते, ती वाचून ते मोटरींना सांगतं किती फिरायचं, आणि टूल आपोआप चालतं. पुण्याच्या एका इंजिनिअरनं बसवून दिलं. त्यापायी हँडलं काढावी लागली. ती काढताना आप्पा बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले.

आप्पा अजून त्याच लेथवर आहेत. दौंडला तुमच्या शेडमध्ये आम्ही दोघं शिकलो. तुमच्यामागं लेथ मी शिरूरला आणला आणि आप्पा लेथबरोबर आले. आता कॉम्प्युटरबरोबर नवा स्क्रू बसला, पण जुना तुमच्या वेळेपासूनच झिजलेला, त्यामुळं टूल धरून सरकणारं कॅरेज मध्येच मोकळं हलायचं. तुम्ही मला मागनं ढकलून म्हणाला होतात, "नुसता हात काय चालवतोस? मांडी टेकव. मशीन म्हातारं झालंय, त्याला आधार लागतो." शेवटच्या कटाला कॅरेजला मांडी टेकवायची, ही तुमची रीत. आप्पांची पँट त्या जागी कायम काळी.

कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पंपाचा शाफ्ट लावला. त्याची जाडी जिथं जिथं बदलते त्यातली पहिली पायरी बरोबर, पुढच्या सगळ्या सरकलेल्या. दुसऱ्याचं तेच. इंजिनिअर पट्टी तपासतोय, मी वायरी. पुन्हा चालू केलं आणि मला ऐकू आलं, मोटरीचा एकसारखा गुणगुणाट मध्येच दबला, घास अडकावा तसा. वळून बघतो तर आप्पांची मांडी कॅरेजला टेकलेली.

"अहो आप्पा, लांब व्हा!" इंजिनिअर ओरडला. "मोटर पावलं मोजत चालते. तुम्ही अडवलं की पाऊल चुकतं, आणि तिला ते कळतसुद्धा नाही."

"आन् मला कळतंय त्याचं काय?" एरवी मला नावानं हाक मारणारे आप्पा माझ्याकडं वळले. "मालक, हात न्हाई लावायचा, मांडी न्हाई लावायची. मंग म्या हितं कशापायी उभा?"

"लक्ष ठेवायला, आप्पा."

"लक्ष ठिवायला कुत्रं पाळा की!"

सगळे हसले, आप्पाही. पण दुपारी ते जेवले नाहीत.

ज्या रीतीनं इतकी वर्षं माल बरोबर निघाला, त्याच रीतीनं तो बिघडावा, हे माझ्या डोक्यात बसत नाही. कपाट काढून हँडलं परत लावू? का आप्पांना दुसऱ्या मशीनवर धाडू? कधी वाटतं, तुम्ही ते कपाट रस्त्यावर फेकलं असतं. कधी वाटतं, माझ्याआधी तुम्हीच आणलं असतं.

हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, निदान आप्पांना वाचून दाखवावं म्हटलं, पण तेही जमायचं नाही. त्यानंतरचा शाफ्ट आप्पा भिंतीला टेकून उभे असताना निघाला. मी तो मोजला, नख फिरवून बघितला.

"कसा आलाय?" आप्पांनी विचारलं.

"बरा आलाय," मी म्हणालो.

बरा नव्हता, मिस्त्री. इतका साफ शाफ्ट त्या लेथवर तुमच्या हातूनही कधी निघाला नव्हता.