तारीख मागे कोण नेतं?

लुईस,

मी मिस्साला जातेय. बांगडे साफ करून ठेव आणि कॉम्प्युटरला हात लावू नकोस.

तुझ्या लाडक्या लेकीने, लविनाने, दोह्याहून घरचे फोटो क्लाउडवर चढवायचं जे सॉफ्टवेअर पाठवलंय, ते रोज का अडतं याचं कारण तिनेच गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या आतला सेल मेलाय. त्यामुळे भिंतीवरचं बटण बंद झालं की त्याची तारीख थेट २००९ वर जाते, आणि तारीख चुकीची असली की क्लाउडवाले दारात उभं करत नाहीत. मी रोज सकाळी तारीख नीट करून चर्चला जाते. परत येते तो पुन्हा २००९.

तू म्हणतोस, "लाईट गेल्ली गो!" लाईट गेली होती, तर शेजारी यशोदेचा मिक्सर कसा गरगरत होता? तिचं खोबरं काय आपोआप वाटलं जातं?

परवा तू मांजरीला विचारत होतास, "लविना फोटो न्हेवक दर नाताळाक येता. सगळे वयर चढले तर कित्याक येतली गो?" मी पडवीतच होते, पाय न वाजवता मागे फिरले.

नवा सेल घ्या, म्हणते लविना. मी तिला सांगितलंय, इथे कुठल्याच दुकानात तो मिळत नाही, नाताळात येताना तूच घेऊन ये. तिचा फोन आला तर तूही हेच सांग. आणि सांगताना हसू नकोस.

पिएदाद