कॅसेट लोड होईपर्यंत

४ मार्च, शनिवार
माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. हिने विचारलं, भंगारात द्यायला काढलात का. काही माणसांना दूरदृष्टी नसते, त्याला आपण काय करणार!

प्लॅन पक्का आहे. बारकी, म्हणजे आमची मुलगी, एकोणीसला येतेय. चांगली तिशी ओलांडलीय, पण नाव बारकीच. महिनाअखेर नोकरीसाठी परदेशी चाललीय, कायमची. एक दुपार येणार, जेवणार, जाणार. माझं नि तिचं फोनवरचं बोलणं म्हणजे "बरे आहात ना?" आणि "हो, आईला देतो." कित्येक वर्षं एवढंच. पण ती शाळेत असताना आम्ही दोघं रोज संध्याकाळी या कॉम्प्युटरवर गेम खेळायचो. एक भूत बंगल्यातल्या खोल्याखोल्यांतून किल्ल्या गोळा करतं. त्याचं नाव पांढरू तिनेच ठेवलं होतं.

तर जेवण झालं की तिला सहज आतल्या खोलीत न्यायचं. समोर पांढरू! बोलणं आपोआप सुरू होईल. जाणं रद्दसुद्धा करेल, सांगता येत नाही.

संकल्प: चिडायचं नाही. हिचा सल्ला घ्यायचा नाही.

५ मार्च, रविवार, सकाळ
नव्या टीव्हीला ही वायर लागतच नाही. सगळ्या भोकांत घालून पाहिली. हिचं म्हणणं, टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलवा. नाही बोलावणार.

संध्याकाळ
दुरुस्तीवाला येऊन गेला. कॉम्प्युटर बघून बराच वेळ हसला. त्याच्याकडचा जुना डबा टीव्ही वापरायला देतो म्हणाला. ही आयडिया मुळात माझीच होती, फक्त तो आधी बोलला.

८ मार्च, बुधवार
टीव्ही आला. टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला, गेमची कॅसेट लावली, बटण दाबलं. गेम असाच कॅसेटवरून लोड होतो. पडद्यावर रंगीत पट्टे, आणि तो आवाज! कान किटले. ही म्हणाली, मिक्सरमध्ये कुणी खडे घातले का. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन काय मेलं म्हणून विचारून गेले. सगळं अगदी पूर्वीसारखं. शेवटी एररही पूर्वीसारखीच.

११ मार्च, शनिवार
टेपचं हेड हिच्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलं. हेड स्वच्छ. रेकॉर्डरचं झाकण थोडं विरघळलं. थोडंच.

मग एकदा लोड होत आलं होतं, जवळजवळ झालंच होतं, तेवढ्यात ही खोलीतून चालत गेली. एरर! धक्का चालत नाही, हे लग्न झाल्यापासून सांगतोय. चिडलो नाही. आवाज फक्त मोठा होता. हिने दार जरा जोरात लावलं.

गेममधल्या बॉयलरच्या खोलीचा विचार करतोय. ती खोली मी कधीच पार करू शकलो नाही. बारकीसमोर पार केली तर काय बहार येईल!

१४ मार्च, मंगळवार
या कॅसेटवर विसंबता येणार नाही. आज लोड झाली, नंतर पुन्हा नाही. आणि झाली तरी केवढा वेळ! चहा कपात गार होतो तोवर. बारकीकडे एकच दुपार आहे, ती काय पट्टे बघण्यात घालवायची?

आठवतंय ना, लोड होताना तिची टकळी अखंड चालू असायची. वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, कुठला दात हलतोय, बाई कुणावर ओरडल्या. मी आपला हं हं करत पट्ट्यांकडे बघत बसायचो. गेम सुरू झाला की एकदाची शांतता.

इंटरनेटवर एक कार्ड मिळतं. मागे खोचलं की गेम डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू. मागवलं. ही म्हणाली, तिला एक फोन करा त्यापेक्षा. म्हटलं ना, दूरदृष्टी.

१७ मार्च, शुक्रवार
कार्ड आलं. अफलातून! कॅसेटची कटकट कायमची मिटली. रेकॉर्डर लगेच भंगारवाल्याला देऊन टाकला. रविवारी फत्ते.

१९ मार्च, रविवार
जेवण झालं. बारकी आतल्या खोलीत आली, टीव्ही बघून दारातच थांबली. "अगं बाई, पांढरू!" म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मी स्वतः पाहिलं. खुर्ची ओढत म्हणाली, कॅसेट लावा ना बाबा. मी छाती फुगवून सांगितलं, आता वाट बघायची गरजच नाही. बटण दाबलं. ती बसायच्या आत गेम सुरू.

"अरे," म्हणाली. नुसतंच.

जॉयस्टिक मी घेतली, तिला दाखवायला. बॉयलरच्या खोलीत मेलो. परत मेलो. ती म्हणाली, गेम तिला कधी कळलाच नाही, तो आवाज आवडायचा. आवाज चालू असला की बाबा जागचे उठत नसत, तेवढ्यात सगळं सांगून घ्यायचं. मी म्हटलं, हो, तेव्हा टेक्नॉलॉजी मागास होती. ती हसली आणि आईकडे स्वयंपाकघरात गेली. पुढची दुपार दोघी तिथेच होत्या. मग टॅक्सी आली.

प्रतिसाद एकूण चांगला होता.

२० मार्च, सोमवार
चांगला नव्हता. काल ती काय म्हणाली ते आत्ता दाढी करताना कळलं. अर्ध्या दाढीने भंगारवाल्याकडे धावलो. रेकॉर्डर अजून होता. तो म्हणाला, काका, दिलेला माल परत न्यायला आलेले तुम्ही पहिलेच.

फोन करून सांगावं तिला. पण आता आवराआवरीत असेल.

३१ मार्च, शुक्रवार
गेली. एअरपोर्टवर मला म्हणाली, जपा. मी म्हटलं, हो, आईला देतो. फोन नव्हता हातात, तरी म्हटलं.

२ एप्रिल, रविवार
आज तिचा तिकडून पहिला फोन येणार. हिला बजावलंय, आधी मला द्यायचा. प्लॅन: कॅसेट लावून ठेवायची, तिला आवाज ऐकवायचा आणि लोड होईपर्यंत बोलत राहायचं. विचारायचे प्रश्न पाठ केलेत. घर कसं आहे, थंडी आहे का, दात कसे आहेत. बटण दाबतोय. आज यश नक्की.

नंतर
लोड झाली! एकही एरर नाही. आयुष्यात पहिल्यांदा बॉयलरची खोली पार केली. पलीकडे काही नाही. तिथेच गेम संपतो.

त्याआधी, लोड होत आली होती आणि तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. पट्टे हलायला लागले. मी ओरडलो, तो फोन आधी बाहेर घेऊन जा! ही घेऊन गेली.

आत्ता आत आली. म्हणाली, ठेवला तिने. तुमचा तो आवाज ऐकू गेला तिला, बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, बाबांना दे ना. मी तिला सांगितलं, ते ओरडतायत, लोड होतंय. तर म्हणाली, मग राहू दे.