रुमालाखालचा सौदा

मोरबी
२२ डिसेंबर २०२५

सौ. रुपास गोपालचे अ. आ.

म्हणजे तुझं म्हणणं अजून तेच, की सारंगखेड्याच्या यात्रेत मी पोराला नुसतं पळवलं. बसस्टँडवर तेच, फोनवर तेच. अगं, चार दिवसांची सुट्टी, त्यात दोन जाण्यायेण्यात गेले. उरलेल्या दोन दिवसांत आकाशपाळणा दोनदा, घोड्यावर बसवून फोटो, जिलेबी, शिट्टी, बॅटरीची गाडी. काय बाकी ठेवलं सांग? आणि आपले साहेब घोडेबाजारात दोन म्हाताऱ्यांसमोर खुंटा ठोकल्यासारखे उभे! ते रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून घोडीचा भाव करत होते. त्यात पाहायचं काय? बोटं दिसत नाहीत, भाव ऐकू येत नाही. हाताला धरून ओढलं तर तोंड फुगवलं, ते अजून फुगलेलंच. आता फोनलाही येत नाही.

इथं फॅक्टरीत फरश्या पट्ट्यावरून येतच राहतात, मी खोक्यात भरतो. थांबलो की पुढची पायावर. हे सगळं कोणासाठी? पाच वर्षांच्या माणसाला बापावर एवढा राग शोभतो का, विचार त्याला.

फोनवर भांडण होतं म्हणून तूच पत्राचं काढलंस, तर घे पत्र. आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावते का लिही. लोभ आहेच, रागही आहे.

गोपाल


पुरुषोत्तमनगर
३० डिसेंबर २०२५

भाग्येशचे पप्पा यांस रुपाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण फोनसारखं मध्येच कापता येत नाही हे बरं. आई तेल लावतात आणि लावताना देवाला नि तुम्हाला दोघांना ऐकवतात.

तुम्ही यादी दिली, तशी मी भाग्येशकडून घेतली. पाळण्याचं नावच नाही. बॅटरीची गाडी शेजारच्या जान्यानं नेली, त्याचा याला पत्ताही नाही. मजा कोणती म्हटलं, तर म्हणे पंक्चरची. येताना शहाद्याच्या रस्त्यावर गाडी बसली, तुम्ही वैतागून दगडावर बसलात आणि याला ऊस सोलून दिलात, ती. दोघांनी कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर मोजले म्हणे, सत्तावीस. गावभर सांगून आला.

आता राग कशाचा ते ऐका. तुम्ही गेल्यापासून तो रोज आईंच्या हातावर रुमाल टाकतो आणि आतून बोटं दाबतो. आईंनी विचारलं, भाऊ, घोडा घेतोस का बैल? तर म्हणे, मन्हा पप्पा. पप्पा किती दिवस येईल, त्याचा भाव. आईंनी दोन बोटं धरली की हात झटकून उठतो, अगदी व्यापारी. आई तीनपर्यंत चढल्या. तो आधी पाच दाबतो, मग तीन. आठाच्या खाली उतरत नाही. शेवटी आई म्हणाल्या, माल मन्हा नाही शे, मी कशी भाव देऊ? तर म्हणे, मग धन्याला विचार. फोनला का येत नाही, तर फोनमध्ये बोटं धरता येत नाहीत.

म्हणून धन्याला विचारते. आठच द्या असं मी म्हणत नाही, खाडे पडतात ते कळतं मला. एकच द्या, पण खोटं बोट देऊ नका. रुमालाखाली दिलेला शब्द त्या म्हाताऱ्यांनाही फिरवता येत नाही.

जेवण वेळेवर करा. आमच्यावर जीव आहे तसा राहू द्या.

रुपा


मोरबी
८ जानेवारी २०२६

सौ. रुपास अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला.

ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, परवाच तर जाऊन आलास, आता काय, लग्न का मयत? म्हटलं, काहीच नाही. तर म्हणे, काहीच नाही यासाठी रजा नसते. उभाच राहिलो तिथं, भाग्येशसारखा. शेवटी वैतागून त्यानं बिनपगारी लिहिली.

आईला सांग, रुमालाखाली आधी पाच बोटं धर, मग तीन. सौदा पक्का. अठरा तारखेला सकाळी पोचतो. या वेळी खेळणं आणणार नाही आणि कुठं नेणारही नाही. गाडी पंक्चर नसली तरी त्या दगडावर बसू. आणि त्याला सांग, ट्रॅक्टर सव्वीस होते. एक रिकामा परत जात होता, तोही त्यानं धरला. तेव्हा मी हो म्हणून टाकलं, लक्ष कुठं होतं माझं. आता नीट मोजू. तोच खरा निघाला तर मी मान्य करीन.

माझ्या हाताला गुंडाळायला दुसऱ्या रुमालाची सोय करून ठेव, चिरा पडल्यात, त्याला टोचतील. बाकी बरं शे. भांडण संपलं असं समजू नकोस, आल्यावर बोलू. लोभ वाढवलास तर तक्रार नाही.

गोपाल

ता. क. आठ खाड्यांचे पैसे ठेकेदारानं आधीच कापले. दर महिन्याचे नऊ हजार होत नाहीत, किराणा जपून भर. या वेळी पाठवतोय पाच हजार.